‘घरच्यासारखी’ म्हणजे कशी?

युरोपात स्थायिक झालेल्या आमच्या नात्यातील एका कुटुंबाने मागे पत्राने कळविले की, त्यांच्या दोन मुलांना सांभाळण्यासाठी एक रशियन तरुणी वर्षभर घरी राहावयास आली आहे. ती मोलकरीण नव्हे आणि पाहुणीही नव्हे. तिला तिकडे ‘ओ पेअर’ म्हणतात. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीने’. यजमानांनी तिची राहण्याजेवणाची सोय करावी, थोडा हातखर्च द्यावा. तिने मुलांना सांभाळावे, घरकामास हातभार लावावा आणि उरलेल्या वेळात तिथली भाषा शिकावी, अशी ही रीत. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे युरोप परिषदेने याविषयी एक करार सह्यांसाठी खुला केला. सर्व देशांनी तो स्वीकारला नाही. तरी त्यातील अटी वाचण्यासारख्या आहेत. काम दिवसाला साधारणतः पाच तासांहून अधिक नसावे, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी असावी, महिन्यातून निदान एक सुटी रविवारी यावी आणि उपासनेस तिला पूर्ण मोकळीक असावी.

पत्र वाचून आम्ही प्रथम हसलो. घरच्या माणसाशी कुणी करार करते काय? मायेला कागद कशाला हवा? असे आम्ही म्हणालो, तेव्हा आमच्या अंबाजोगाईच्या घरीही एक मुलगी राहत होती.

बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी उलटली की धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या भागांतील कितीतरी गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोन जिवंत माणसांची गणना एका हत्याराच्या नावाने होते. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. मागे उरतात म्हातारी माणसे आणि दारांची कुलपे. अशाच एका घरची, नुकतीच अठरा पूर्ण झालेली ही मुलगी. आम्हां दोघांच्याही नोकऱ्या रुग्णालयात, पाळ्या रात्रीच्या, मुले लहान. तिने आमचे घर सावरले. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही अभिमानाने सांगत असू, “ती घरच्यासारखीच आहे.”

सायंकाळी आम्ही जपमाळेला बसलो की तीही येऊन बसे. तिला कुणी सक्ती केली नव्हती. ती आपण होऊन बसते याचे आम्हांला समाधानच वाटे. कार्तिकी एकादशीच्या रात्री तिचे ताट जसेच्या तसे झाकून ठेवलेले दिसले. विचारले, तर “पोटात दुखतंय” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने सांगितले, “ताईचा उपास होता.” तिची आई उसाच्या फडातही हा उपास मोडत नाही, म्हणून मुलीनेही मोडला नव्हता. मात्र तो आम्हांला सांगण्याचा धीर तिला झाला नव्हता.

“आम्ही काही बोललो असतो थोडेच!” हा आमचा पहिला उद्गार. पण हे तिला कळावे कसे? आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. गावी घराला कुलूप, आईवडील फडावर. आमची मर्जी गेली असती तर ती जाणार कुठे होती? ज्याला परत जायला दार नाही, त्याच्या होकाराला आपण किती मोल द्यावे?

या विचारात असताना आम्हांला आणखी एक रशियन परदेशी आठवला. इसवी सन १४६९ च्या सुमारास त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितिन चौलला उतरून जुन्नरला आला. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा तिथल्या असद खानाने काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, असे सांगून त्याला चार दिवसांची मुदत दिली. खानाच्याच धर्माच्या, खुरासानच्या महंमद नावाच्या एका गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. वाटेत लुटारूंनी निकितिनचे ग्रंथ नेले होते. ईस्टर केव्हा, उपवासकाळ केव्हा, हे त्याला उमगेना. परमुलखात तो अंदाजाने उपवास पाळीत राहिला.

त्या एकाकी ख्रिस्ती माणसाविषयी आपले मन चटकन द्रवते. आमच्या स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या ताटाविषयी मात्र ते द्रवले नव्हते. आम्ही कुणाचा घोडा काढून घेतला नव्हता, हे खरे. पण तिचे छप्पर आमच्या हाती होते, आणि ज्याच्या हाती छप्पर असते त्याला धमकी द्यावी लागत नाही. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजबरी होऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सांगितले. न बोलता होणारी बळजबरी ओळखण्याचे काम आपल्या विवेकावर येऊन पडते.

कुणी म्हणेल, कामाचे तास आणि सुट्या मोजू लागलो की घराची खानावळ होते. आम्हांलाही तसेच वाटत होते. पण ‘घरच्यासारखी’ या शब्दाचा लाभ कोणाला होत होता, हे पाहावे. काम वाढले की ती घरची. पगार, सुटी आणि नाताळचे छायाचित्र आले की ती परकी. छायाचित्रात ती नव्हती, कारण कॅमेरा तिच्या हाती होता. न्यायाने जे द्यायचे ते चुकते केल्यावर माया सुरू होते. त्याच्या बदल्यात माया देऊ केली, तर ती घेणाऱ्याला जड होते.

मग आम्ही तिच्यासमोर बसून एका कागदावर सारे लिहिले. कामाचे तास ठरविले. आठवड्यातील एक दिवस तिचा. पगार एक तारखेस तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. आईवडिलांना भेटायला फडावर जायचे झाल्यास भाडे आमचे. तिचे सणवार तिनेच आमच्या दिनदर्शिकेत खुणा करून दाखविले. लिहिताना आम्हांलाच अवघडल्यासारखे झाले. ती मात्र प्रत्येक ओळ पुन्हा वाचून पाहत होती.

त्यानंतर काही सायंकाळी ती जपमाळेला येईनाशी झाली. पहिल्या दिवशी तिची रिकामी जागा आम्हांला टोचली, हे कबूल केले पाहिजे. चार दिवसांनी ती पुन्हा येऊन बसली. जपमाळ संपल्यावर म्हणाली, “उद्या माझी एकादशी आहे. साबुदाणा मीच भिजवीन, तुम्हीपण खाल का?” त्या रात्री आम्ही सर्वांनी तिच्या हातची खिचडी खाल्ली.