पाणी कुणी द्यायचं?

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होते आणि दशक्रियेला प्रवचन असतं. शिरूर, दौंड, खेड, कुठल्याही तालुक्यात जा, सकाळी घाटावर मांडव, खाली सतरंज्या, एका बाजूला मुंडण चाललेलं. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं सुरू व्हायच्या आत महाराजांनी मरणाबद्दल चार शब्द सांगायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा निवृत्त शिक्षक, माळकरी घरातला. तळेगाव ढमढेऱ्यात वेळ नदीच्या काठी आणि आसपासच्या गावांत अशी प्रवचनं करत आलो आहे. नोकरीत असताना जनगणनेचे कागद घेऊन घरोघर फिरायचं कामही आम्हा गुरुजींकडेच असे. त्यामुळे माणसांची संख्या मी शाळेच्या पटावरही पाहिली आणि घाटावरही.

घाटावर पूर्वी पिंडासमोर चार भाऊ ओळीनं बसत, मागे पुतण्यांची रांग असे. कावळा शिवेना की थोरला पुढे होऊन हात जोडून म्हणायचा, धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, आईला अंतर देणार नाही, ओढ्याकडच्या तुकड्यावरून भांडणार नाही. मग कावळा शिवायचा. आता पुष्कळदा पिंडासमोर एकटा मुलगा असतो. कधी तो परदेशातून फोनवर बघत असतो आणि भावकीतलं कुणीतरी त्याच्या वतीनं पिंड ठेवतं. कावळा झाडावर बसून राहतो, पण वचन द्यायला पुढे व्हायचं कुणी, हे ठरत नाही.

अशाच एका दशक्रियेनंतर एक बाई माझ्याजवळ आल्या. त्यांना एकच मुलगी, ती नोकरीनिमित्त जर्मनीत. म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही आत्ता पितृऋणाचं सांगितलंत. माझं कोण फेडणार? पोरगी काही तिथून यायची नाही. मला मुलगा नाही म्हणजे मला गती नाही का?”

हा प्रश्न त्या बाईंचा एकटीचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. देशाचा २.०. एक पिढी सरून तिच्या जागी तेवढीच दुसरी यायची तर हा आकडा २.१ लागतो. म्हणजे आपल्या राज्यात जाणाऱ्यांची जागा पुरती भरत नाही. अर्थतज्ज्ञ यातून कामगार, पेन्शन, दवाखाने यांचे हिशेब मांडतात आणि ते मांडलेच पाहिजेत. ६५ वर्षांवरच्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून अधिक वर्षं मिळाली, जपानला १९७० ते १९९४ एवढीच. आपल्यालाही फार वेळ मिळणार नाही, आणि आपल्या हाती त्यांच्याएवढा पैसाही नाही. पण त्या बाईंना पेन्शनचं विचारायचं नव्हतं. आपल्यामागे आपलं म्हणणारं कुणी उरणार की नाही, हे त्यांना विचारायचं होतं. धर्मानं याचं उत्तर द्यायला हवं, कारण ही भीती त्यांच्या मनात धर्मानंच घातली आहे.

महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाच्या तपस्व्याची कथा आहे. रानातून जाताना त्याला एका खड्ड्यात खाली डोकं वर पाय करून लोंबकळणारे काही जण दिसतात. वाळ्याच्या एका झुबक्याला ते धरून आहेत आणि उंदीर त्याची मुळं कुरतडतो आहे. हे त्याचेच पूर्वज. तो लग्न करत नाही म्हणून ते पडायच्या बेतात आले आहेत. मग तो वासुकीच्या बहिणीशी लग्न करतो, आस्तीक जन्मतो, पूर्वज वाचतात. प्रवचनकार सहसा इथे थांबतात आणि वंश चालवा म्हणून सांगतात. मी पुढे वाचायला सांगतो. हा आस्तीक मोठा होऊन जनमेजयाच्या सर्पसत्रात जातो आणि अग्नीत पडणारे नाग वाचवतो. ते त्याच्या बापाच्या गोत्रातले नव्हेत, आईच्या माहेरचे, ज्यांच्याविरुद्ध सगळं राजकुळ उठलं होतं त्या जातीचे. व्यासांना केवळ पिंड देणारा मुलगा हवा असता तर कथा त्याच्या जन्मावर संपली असती. आणि मुलगा एकच होता, हेही ध्यानात घ्यावं.

पण आपण अर्धीच कथा घेतली आणि त्या अर्ध्या कथेनं केवढा घात केला ते बघा. पाणी द्यायला मुलगा हवा. कुटुंब लहान ठेवायचं म्हटलं तरी दोनांत एक मुलगा हवाच. मग सोनोग्राफी आली. गर्भलिंगतपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. आज आमच्या वाड्यावस्त्यांवर पस्तिशीला टेकलेले, बागायती जमीन असलेले, निर्व्यसनी मुलगे लग्नावाचून बसले आहेत. शेतकरी मुलाला मुलगी देत नाहीत हे एक कारण, आणि मुलीच कमी जन्माला घातल्या हे दुसरं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वर्तमानपत्रांनी ते गमतीनं छापलं. मला तो फोटो पाहवला नाही. वंश टिकावा म्हणून ज्यांनी मुली नाकारल्या, त्यांच्याच नातवाशी वंश येऊन थांबला. जरत्कारूच्या पूर्वजांची मुळं कुरतडणारा तो उंदीर आपणच घरात पाळला.

राज्यसत्तेनंही हा प्रश्न कधी माणसाचा म्हणून पाहिला नाही. भारतानं १९५२ मध्ये कुटुंबनियोजन सरकारी कार्यक्रम केला, जगात पहिल्यांदा. त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्या विचारापायी त्यांची प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ एकट्यानं चालवत राहिले. कर्वे निरीश्वरवादी, मी माळकरी. तरी या बाबतीत मला ते अनेक कीर्तनकारांपेक्षा धर्माच्या जवळचे वाटतात. मूल कधी हवं, हवं की नको, हे बाईनं ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे आणीबाणीत काय झालं? १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात आलं नाही. पण नुसत्या धाकानं लोक रात्री शेतात झोपायला जात, हे मी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं आहे. नंतर ग्रामपंचायतीला सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अट आली, २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही आली. पद वाचवण्यासाठी स्वतःचं मूल कागदावर दुसऱ्याचं दाखवायची वेळ माणसांवर आली. आता वारं उलटं फिरलं आहे. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशानं पंचायतीची दोन अपत्यांची अट काढून टाकली, त्याच वर्षी नागपुरात सरसंघचालकांनी तीन मुलांचा आग्रह धरला. काल कमी करा, आज वाढवा. जिनं नऊ महिने वाढवायचं तिला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. जो धर्म किंवा जे सरकार बाईचं पोट आपल्या हिशेबाच्या वहीत धरतं, ते मला मान्य नाही.

श्रीमंत देशांनी मुलांसाठी पैसे देऊन पाहिले. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता, जपानचा १.२०. चीननं १९८० च्या सुमारापासून एकच मूल सक्तीचं केलं, २०१५ मध्ये ती सक्ती सोडली, २०२१ मध्ये तिसऱ्याला मुभा दिली, आणि २०२२ पासून तिथली लोकसंख्या उतरणीला लागली. जपानची गोष्ट मला विशेष जवळची वाटते. तेही आपल्यासारखे पूर्वजांना मानणारे लोक. आपल्या पितृपंधरवड्यासारखा त्यांचा ओबोन असतो, तेव्हा पूर्वज घरी येतात आणि घरची माणसं थडग्यांना पाणी घालायला जातात. आता खेड्यांतून पाणी घालायलाच कुणी उरलं नाही. वारस न उरलेल्या थडग्यावर सूचना लावतात, वर्षभर वाट पाहतात, कुणी आलं नाही तर अस्थी सामायिक जागेत नेऊन ठेवतात. काही म्हातारी माणसं आपल्या हयातीतच घराण्याचं थडगं विधीपूर्वक बंद करून घेतात, म्हणजे मागच्यांवर ओझं नको. २०२३ च्या पाहणीत त्या देशात नव्वद लाख घरं रिकामी निघाली. संपत्ती आहे, रस्ते आहेत, दवाखाने आहेत. त्या जर्मनीवाल्या मुलीच्या आईचा प्रश्न मात्र तिथेही तसाच आहे.

बाईंना मी काय सांगितलं, ते आता लिहितो.

तर्पणात एक कृती आहे, तिच्याकडे यजमानाचं लक्ष नसतं. सगळ्यांची नावं घेऊन पाणी सोडून झालं की शेवटी ओलं वस्त्र पिळतात. ते पाणी आपल्या कुळात मूलबाळ न होता जे गेले त्यांच्यासाठी असतं. म्हणजे निपुत्रिक माणूस शास्त्राला ठाऊक होता आणि त्याला पाणी पाजायची जबाबदारी इतरांवर टाकलेली होती. माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, भीष्माच्या नावानं तर्पण करतात. आजन्म ब्रह्मचारी, मूल नाही, त्याला अवघ्या समाजानं पाणी द्यायचं. ज्याचा बाप जिवंत आहे, ज्याला एरवी तर्पणाचा अधिकार नाही, तोही भीष्माला पाणी देऊ शकतो, असं मानतात. मुलगा नसेल तर गती नाही, असं सांगणाऱ्यानं भीष्माला कुठे ठेवलं आहे ते आधी सांगावं.

आळंदीचंच घ्या. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, चौघंही अविवाहित. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंना गावानं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि त्यांचं घराणं त्या चार भावंडांशी संपलं. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा मागे पिंड द्यायला मूल नव्हतं. आज कार्तिकी वद्य एकादशीला इंद्रायणीकाठी लाखो लोक जमतात ते कुणाच्या वंशातले? पसायदानात त्यांनी स्वतःच्या कुळासाठी काहीही मागितलं नाही, हे मला अगदी महत्त्वाचं वाटतं.

अलीकडचं उदाहरण पुण्याचं. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल नव्हतं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत, त्याला त्यांनी आपला केला. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तकावरून भाऊबंदांनी अडवणूक केली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या पुढे चालल्या. आणि आमच्यापासून जवळ वढू बुद्रुकला, १६८९ मध्ये, संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार गावच्या माणसांनी केले अशी परंपरा आहे. नेमके कुणी केले यावर आज वाद घालतात. मला त्यातलं इतकंच धरून ठेवावंसं वाटतं की घरचं कुणी जवळ नव्हतं, बादशाही फौजेची दहशत होती, आणि परक्यांनी ते आपलं काम मानलं.

म्हणून मी त्या बाईंना म्हणालो, पितृऋण बाप-आजोबांचं असतं खरं, पण ते कुणाला परत करायचं असतं? मेलेल्यांना काही लागत नाही. ते पुढच्यांना द्यायचं असतं. पुढचे आपल्याच पोटचे हवेत असं कुठे आहे?

त्या म्हणाल्या, “मग कुणाला देऊ? माझ्या वाड्यात तर बिहारी भाडेकरू राहतात.”

आमच्या तालुक्याचं आजचं चित्र त्या एका वाक्यात आलं. रांजणगावची एमआयडीसी आल्यापासून शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि आमचं तळेगाव खोल्याखोल्यांनी भरलं. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आणि आपल्याच मराठवाडा-विदर्भातली माणसं. बिहारचा जननदर त्याच सर्वेक्षणात ३.० आहे. तिथे हात जास्त, काम कमी. इथे काम आहे आणि आमची मुलं पुण्याला, बंगळुरूला, जर्मनीला. जर्मनीला जसे आमचे लागतात तसे आम्हाला हे लागतात. आमची मुलगी म्युनिकच्या शेजाऱ्यांनी प्रेमानं वागवावी असं आम्हाला वाटतं. ज्या खोल्यांचं भाडं घेतो त्यातल्या मुलांना मात्र आम्ही वर्षानुवर्षं ‘भैयाची पोरं’ म्हणतो.

या मुलांची शाळेत नावं घालताना दाखला नाही, आधार नाही, म्हणून त्यांना माघारी पाठवलेलं मी पाहिलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. एकीकडे गावठाणातल्या घरांतून येणारी मुलं कमी झाली म्हणून पट घसरल्याची चिंता, दुसरीकडे चाळीतलं मूल दारातून परत. आता मी हे दशक्रियेच्या प्रवचनात बोलतो. काहींना रुचत नाही. परवा एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, घाटावर हा विषय कशाला? आणि ती पोरं उद्या निघून जायची. त्यांना शिकवून आपल्याला काय?”

मी म्हटलं, “आण्णा, तुमचा नातू कुठे आहे?”

“हिंजवडीला. आता कॅनडाला जायचं म्हणतोय.”

“त्याला शिकवून गावाला काय मिळालं म्हणून कुणी विचारलं का तुम्हाला?”

ते काही बोलले नाहीत, पण रागावलेही नाहीत. माझं मागणं त्यांच्याकडे आणि गावाकडे साधं आहे. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा ज्याच्या वाड्यात भाडेकरू आहेत त्यानं त्यांच्या मुलांना स्वतः शाळेत नेऊन नाव घालावं. मराठी येईपर्यंत संध्याकाळी तासभर कुणीतरी त्यांच्याजवळ बसावं. मी बसायला तयार आहे. आणि कारखान्यातला कुणी कामगार इथेच वारला, त्याच्या घरचं कुणी वेळेत पोचू शकलं नाही, तर वेळ नदीवर त्याचीही दशक्रिया गावानं करावी. प्रवचन मी करीन. त्या बाईंनी आपल्या वाड्यातल्या दोन मुलींची नावं मला दिली आहेत. एक सहा वर्षांची, एक आठ. आठ वर्षांचीला पहिलीत न बसवता वयाप्रमाणे तिसरीत बसवायचं आहे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना भेटायला आम्ही दोघं सोमवारी जाणार आहोत.