पलायन आणि आसरा

स्यू मंक किड या अमेरिकी लेखिकेची ‘द सीक्रेट लाइफ ऑफ बीज’ ही कादंबरी या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाली. २००८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. ती वाचून एक प्रश्न मनात घर करून राहिला : कायद्याच्या ताब्यातून पळणे नैतिक ठरू शकते काय? ज्याचे आयुष्य शासकीय नियमांच्या चौकटीत गेले, त्याला हा प्रश्न सहजासहजी टाळता येत नाही.

कथानक १९६४ च्या उन्हाळ्यातील, दक्षिण कॅरोलायना राज्यातील आहे. २ जुलै रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या भरवशावर रोझालीन ही कृष्णवर्णीय स्त्री मतदार म्हणून नाव नोंदवावयास निघते. वाटेत काही गोरे पुरुष तिला छळतात. ती तंबाखूची थुंकी त्यांच्या बुटांवर ओतते. मार तिलाच बसतो आणि अटकही तिलाच होते. निर्दय बापाच्या घरातून निघालेली चौदा वर्षांची लिली तिला रुग्णालयातून पळवून नेते. दोघी ऑगस्ट बोटराइट या कृष्णवर्णीय मधपाळ स्त्रीच्या दारी पोहोचतात.

येथे कायदा मोडला गेला, हे उघड आहे. परंतु आधी कोणी मोडला? राजधानीत मंजूर झालेला हक्क गावच्या चौकीपर्यंत पोहोचलाच नव्हता. मतदानातील अडथळे दूर करणारा स्वतंत्र कायदा तर ६ ऑगस्ट १९६५ रोजी आला. ज्या कोठडीत जिवाचीच हमी नाही, तिच्यात बसून राहण्याचे नैतिक बंधन कोणावर घालता येईल? मात्र दोघींचा धोका सारखा नव्हता. सापडली तर लिली बापाकडे परत जाणार. रोझालीनच्या प्राणांवर बेतणार. दुसऱ्याच्या वतीने धाडस करणाऱ्याने हा फरक विसरता कामा नये.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते ऑगस्टचे वर्तन. लिली खोटी ओळख सांगते. तिच्या आईला ऑगस्टनेच लहानपणी सांभाळलेले असल्याने खरे काय ते तिला कळून चुकते. तरी ती उलटतपासणी करीत नाही. मुलीला मधाच्या कामाला लावते आणि ती स्वतः बोलेपर्यंत थांबते. कचेरीत आधी दाखला मागतात, मग दार उघडते. येथे क्रम उलटा आहे, आणि त्यामुळेच सत्य बाहेर येते.

मधमाश्याही दोन रीतींनी घर सोडतात. वसाहत भरभराटीस आली की जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांसह नवे घर शोधते. मागे नवी राणी राहते. उपासमार वा उपद्रव झाला, तर मात्र आपल्याकडील सातेरी माश्यांची अख्खी वसाहत उठून जाते. पहिले स्थलांतर, दुसरे पलायन. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांची परंपरा बहुतांशी पहिल्या प्रकारची. म्हणून दुसऱ्याची वेदना आपल्याला चटकन उमगत नाही. आसरा मात्र दोन्ही थव्यांना सारखाच लागतो.

कादंबरीच्या अखेरीस रोझालीन पुन्हा जाऊन आपले नाव नोंदवते. कायदा आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत ती जिवंत राहिली, एवढाच त्या पलायनाचा अर्थ. त्याचे श्रेय तिच्या धैर्याला जितके, तितकेच दाखला न मागता दार उघडणाऱ्या ऑगस्टलाही द्यावे लागेल.