अभय कोणी कोणास द्यावे?



आषाढीला चंद्रभागेत उभे राहून आपण ओंजळभर पाणी कपाळी लावतो. हे पाणी आले कोठून, याचा विचार एकदा करून पाहा. पंढरीत नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. तिचे मूळचे नाव भीमा. सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकराच्या रानात तिचा उगम. त्या डोंगरातील सुमारे १३० चौरस किलोमीटर रान १९८५ साली अभयारण्य म्हणून राखले गेले.

‘अभयारण्य’ हा शब्द आपण पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. पण अभय हा आपल्या ओळखीचा शब्द आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची मोजदाद अभयापासूनच सुरू होते. देवापुढे हात जोडतो तेव्हा आपण दुसरे काय मागतो? मग प्रश्न असा, की अभय मागायला जाताना वाटेवरच्या जिवांचे अभय आपण हिरावून घेतले, तर ते मागणे खरे कसे ठरावे?

या रानात शेकरू राहते. मोठी, तांबूस रंगाची ही खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. ती क्वचितच जमिनीवर येते. या झाडावरून त्या झाडावर उडी घेत तिचा सारा संसार फांद्यांवर चालतो. झाडांची दाटी मोडली की तिची वाटच मोडते. आपण मात्र तिला फोटोसाठी हाका मारतो, बिस्किटाचा तुकडा फेकतो, रिकामी पिशवी तिथेच टाकतो. यात दुष्टावा नसतो. पण दुष्टावा नव्हता म्हणून त्या जिवाचे नुकसान टळते का?

कोणी म्हणेल, “देव सर्वांचा, रान देवाचे, मग आम्हाला अडवणारे वनखाते कोण?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सह्याद्रीतील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या देवराया राखल्या, त्या कायद्याचे पुस्तक उघडून नव्हेत. भीमाशंकराजवळ आहुप्याच्या बाजूलाही अशी देवराई आहे. देवराई देवाची, एवढ्याच जाणिवेने माणसाने तिथे आपला हात आवरला. म्हणजे ‘रान देवाचे’ हे वाक्य दोघेही बोलतात. एकजण त्यातून मोकळीक काढतो, दुसरा मर्यादा. वारकऱ्याने कोणता अर्थ घ्यावा?

एकादशीला कोणी आपल्या ताटावर पहारा ठेवत नाही, तरी आपण अन्नाला हात लावत नाही. त्याला आपण नेम म्हणतो. कायदा बाहेरून अडवतो, पाहणारा गेला की सैल होतो. नेम आतून धरतो. गळ्यात माळ घातलेल्याला अभयारण्याचा नियम एकादशीसारखा पाळता आला, तर त्याला दंडाच्या पाटीची गरज उरणार नाही.

मग तिथे जाऊच नये काय? तसे नाही. त्या डोंगरात महादेव कोळी समाजाची गावे आहेत. हिरडा गोळा करून आणि येणाऱ्या भाविकांच्या आधारावर अनेकांची चूल पेटते. सगळ्यांनीच पाठ फिरवली तर तोही अन्याय होईल. जावे, पण जिथे पायाने जाता येते तिथे पायाने जावे. चालण्याचे आपल्याला काय नवल? भाकरी तिथल्या माणसाकडून घ्यावी, आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. मंदिराजवळ मोठी घंटा आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगतात. तिचा नाद जरूर ऐकावा. पण रानात शिरल्यावर स्पीकर बंद ठेवून पाखरांचाही ऐकावा. नामाला मोठा आवाज लागत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तिथून उत्तरेला जुन्नरचा मुलूख. १६३० साली शिवराय जन्मले तो शिवनेरी, सातवाहनांचे शिलालेख असलेला नाणेघाट, लेण्याद्रीची लेणी, हे सारे याच बाजूला. आणि माउली, याच तालुक्यात आळे गाव आहे. ज्ञानोबारायांनी ज्याच्या मुखी वेद वदविले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. आपल्या संप्रदायाने एका जनावराची समाधी बांधून तिच्यापुढे माथा टेकवला. हे सोपे काम नव्हे. रेड्यात जे चैतन्य पाहिले, ते शेकरूत नाही असे आपल्याला म्हणता येईल का? समाधीला फूल वाहायचे आणि जित्या जिवाच्या घरात प्लास्टिक टाकायचे, या दोन गोष्टी एका माळेत ओवता येत नाहीत.

आणखी एक पाहा. जुन्नरची कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला मिळते. देहू-आळंदीची इंद्रायणीही तुळापुराजवळ भीमेतच येते. त्या डोंगरांतले पाणी, संतांच्या अंगणातले पाणी आणि पंढरीचे पाणी वेगवेगळे नाही. वाटेत शहरे आहेत, कारखाने आहेत, धरणे आहेत. नदीच्या मळाचा सारा दोष भाविकावर टाकणे योग्य नाही. पण दुसऱ्याचा वाटा मोठा आहे म्हणून आपला वाटा माफ होत नाही. तसे झाले असते तर नाम घेणारेही थोडेच आहेत म्हणून आपण नाम सोडले असते.

तेव्हा उगमाला जाल तर काही आणण्याच्या हिशेबाने जाऊ नका. तिथल्या पानाला, पाखराला, पाण्याला तुमच्या येण्याचे भय वाटू नये, एवढे त्यांना द्या. मग आषाढीला वाळवंटात उभे राहून विठुरायाकडे अभय मागताना आपली ओंजळ रिकामी नसेल.