फुकटचा मोठेपणा

पगार न घेता काम करणाऱ्या माणसाचे आपल्याकडे फार कौतुक होते, आणि ते व्हावेही. पण अशा माणसाला एक मोह असतो, त्याविषयी कोणी बोलत नाही. हातात पैसा पडत नसल्यामुळे तो आभारांवर लवकर लुब्ध होतो.

आमच्या बुलढाण्याच्या सायकल मंडळाचा मी असाच एक बिनपगारी गडी. पाणी भरणे, केळी वाटणे, वळणावर झेंडी घेऊन उभे राहणे आणि शेवटच्या ठाण्यावर ठप्पे मारणे, ही माझी कामे. त्यांतले ठप्प्याचे काम हाताला सर्वांत हलके आणि मनाला सर्वांत जड.

हा ठप्पा आहे ‘ब्रेवे’चा. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचा हा प्रकार मूळचा फ्रान्समधला. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली, तिचे नाव या मंडळींत आजही आदराने घेतात. ब्रेवे मात्र शर्यत नव्हे. इथे पहिला नाही, दुसरा नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत पुरे करायचे, की झाले. सकाळी सहाला निघालेल्या दोनशेवाल्याने संध्याकाळी साडेसातच्या आत कार्डावर शेवटचा ठप्पा घ्यायचा.

एकदा एक तरुण मोताळ्याकडून राजूर घाट चढून आला, तेव्हा सात वाजून सदतीस मिनिटे झाली होती. वाटेत दोनदा चाक पंक्चर झालेले. कार्ड पुढे करून तो म्हणाला, “काका, साडेसात लिहा ना. कोणाचं काय जातंय?”

प्रश्न खरोखर बिनतोड होता. नंबरच नाहीत, तेव्हा कोणाचा नंबर हुकणार नव्हता. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, केळी दिली, आणि कार्डावर सात सदतीस लिहिले. त्याने चहा घेतला. आभार मात्र मानले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी? पण या नियमालाही काळीज आहे. वाटेत अपघात झालेल्याला मदत करायला थांबून उशीर झाला, तर तो माफ करता येतो. थकवा आणि पंक्चर मात्र ज्याचे त्याने सोसायचे. दया कुठे करायची हे आधीच, सर्वांसाठी सारखे ठरलेले आहे. ऐन वेळी समोरच्या चेहऱ्याकडे पाहून ते बदलायचे, तर ज्याला आर्जव करता येत नाही त्याने काय करावे?

सेवा म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला शिकवावे लागत नाही. शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने येऊन बिनपगारी राबतात. तिथे कोणी पंगतीत वाढतो, कोणी दर्शनबारी सांभाळतो. वाढणाऱ्याने हात सैल सोडला तर कोणी उपाशी राहत नाही. पण बारीवरच्याने ओळखीच्या माणसाला मधूनच आत सोडले, तर मागे उन्हात उभ्या असलेल्या म्हातारीची वेळ त्याने परस्पर देऊन टाकली! शेजारणीच्या डब्यातल्या करंज्या पाहुण्यांपुढे ठेवून का कोणी अतिथिशील ठरते?

चहा माझा होता, रविवार माझा होता. तो मी हवा तेवढा द्यावा. ती सात मिनिटे माझी नव्हती. जेवण टाळून साडेसातच्या आत पोचलेल्यांच्या कार्डांना त्यांच्यामुळेच किंमत होती. ती वाटून मी चार गोड शब्द मिळवले असते, तर तो माझा पगारच झाला असता, आणि तोही दुसऱ्याच्या खिशातून.

त्या मुलाचा उतरलेला चेहरा अजून आठवतो, आणि वाईटही वाटते. वाटावेच. नाही म्हणताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हाती ठप्पा देऊ नये; आणि वाईट वाटले म्हणून जो लगेच हो म्हणतो, त्याच्याही हाती देऊ नये.