दोन गोळ्यांच्या मधे

आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गॅरेजमध्ये, कुलूपबंद लोखंडी कपाटात एक रायफल आहे. ती सुंदर आहे. हे तीन शब्द लिहिताना मला अजूनही थोडं चोरट्यासारखं होतं.

मार्लिन 336. 1948 साली आलेलं मॉडेल, थर्टी-थर्टी काडतुसाचं. इथल्या निम्म्या आजोबांकडे ही किंवा विंचेस्टर 94 असतेच. ग्रीन कार्ड आल्यावर मी ती सेकंडहँड घेतली. शेजारी दर हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जायचा, त्याच्यासोबत जायला लागलो आणि लागलंच वेड. लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे चापाच्या भोवती जी लोखंडी कडी असते ती पुढे ढकलायची, मागे ओढायची. रिकामं काडतूस बाहेर उडतं, नवं आत जातं. सिनेमातल्या काउबॉयच्या हातात असते तीच.

मग सुरू झालं कस्टमाईज करणं. अक्रोडाच्या दस्त्यावरचं जुनं व्हार्निश खरवडलं आणि आठ दिवस रोज रात्री तेलाचा एकेक हात दिला. थंडीत हातमोज्यासकट बोटं आत जावीत म्हणून मोठी कडी बसवली. (खरं कारण: 1939 च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेनकडे तशी आहे.) तिला चामड्याची वादी गुंडाळली. शेवटी एका गनस्मिथकडून आतले भाग घासून गुळगुळीत करून घेतले, घोड्याची स्प्रिंग हलकी बसवली. आता लिव्हर एका बोटाने फिरायचा आणि चाप नुसत्या विचाराने दबावा इतका हलका झाला.

कोणी नाक मुरडलं की माझं उत्तर तयार असायचं. ही काही त्या बातम्यांमधल्या रायफलींसारखी नाही. हिच्यात प्रत्येक गोळीनंतर हात हलवावा लागतो. दोन गोळ्यांच्या मधे माणसाला काहीतरी करावं लागतं आणि त्या क्षणात थांबायची संधी असते. जुनी, सावकाश, प्रामाणिक वस्तू.

हे उत्तर मला इतकं आवडायचं की ते खरं आहे का, हे मी कधी तपासलं नव्हतं. तपासलं तेव्हा पंचाईत झाली. लिव्हरचा जन्मच मुळी तो क्षण मारण्यासाठी झालेला. 1860 च्या दशकातल्या यादवी युद्धात साधा शिपाई बंदूक नळीच्या तोंडातून भरायचा, मिनिटाला जेमतेम तीन गोळ्या. त्याच काळात आलेल्या हेन्री रायफलमध्ये पंधराएक काडतुसं एकदाच भरायची आणि लिव्हर हलवत सुटायचं. तिच्यामागे पैसा होता ऑलिव्हर विंचेस्टरचा, जो मूळचा शर्ट बनवणारा कारखानदार. 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या घोडदळाकडे एकेक गोळी भरायच्या कार्बाइन होत्या आणि समोरच्या लकोटा-शायेन योद्ध्यांपैकी काहींकडे लिव्हरवाल्या हेन्री आणि विंचेस्टर. आपण जिला आज सावकाश म्हणतो ती तिच्या काळातली सगळ्यात घाईची वस्तू होती. तिच्यापेक्षा घाईच्या वस्तू नंतर आल्या, एवढंच तिच्या प्रामाणिकपणाचं भांडवल.

आणि जो काही क्षण तिच्यात उरला होता तो मी पैसे देऊन घासून काढला होता.

हे मला सुचलं नव्हतं, बाबांमुळे कळलं. गेल्या वर्षी आई-बाबा सहा महिने आले होते. दसऱ्याला आईने शस्त्रपूजेसाठी माझा ड्रिल, पान्यांचा सेट, तिची इथली सुरी असं सगळं पाटावर मांडलं. मी म्हटलं, रायफलही ठेवू का? बाबा म्हणाले, “बघू तरी आधी.”

बाबा तीस वर्षं भोसरीला प्रेस शॉपमध्ये. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पहिल्या पेरापर्यंतच आहे. मी ती रिकामी आहे हे दोनदा तपासून त्यांच्या हातात दिली. त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला, “फिनिश झकास आलंय.” मग लिव्हर फिरवला, पुन्हा फिरवला. “हे आधीपासून इतकं हलकं होतं?”

मी अभिमानाने सगळं सांगितलं. बोलण्याच्या ओघात हेही, की लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप दबू नये म्हणून आत एक छोटा अडसर असतो, वेगाच्या स्पर्धा खेळणारे काही जण तोही काढून टाकतात.

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “आमच्या प्रेसला दोन बटणं असायची. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात डायखाली राहायला नको. पण पीस रेट होता. एका बटणात लाकडाची पाचर मारली की एका हाताने पत्रा सरकवता यायचा. सगळेच मारायचे. मीही.”

बोटं मशीनमध्ये गेली, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. पाचरेचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

मग मीही सांगितलं, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याच्या आदल्या डिसेंबरात जंगलात एक हरीण समोर आलं. पहिली गोळी मारली, ते कोसळलं. पण माझा हात आधीच फिरला होता. लिव्हर पुढे, मागे, चाप. दुसरी गोळी झुडपात गेली तेव्हा मी तिकडे बघतही नव्हतो. तिची गरज नव्हती, ती मी ‘मारली’ असंही म्हणवत नाही. इथे शिकाऱ्याने डोक्यावर-छातीवर-पाठीवर मिळून 250 चौरस इंच भडक केशरी रंग घालावा असा नियम आहे, आणि तेवढ्याच आशेवर मी झुडपापलीकडे धावत गेलो. केशरी काही दिसलं नाही. पन्नासेक पावलांवर झाडाला टेकवलेली एक शिडी होती. कुणीतरी बसायला केलेली जागा. रिकामी. गोळी कुठे गेली ते मला सापडलं नाही.

बाबांनी काही उपदेश केला नाही. “तुझ्या बोटांचं काही गेलं नसतं,” एवढंच म्हणाले. बाबांनी पाचर मारली तेव्हा किंमत त्यांच्याच हाताने मोजली. माझी पाचर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर होती.

रायफल पाटावर गेली नाही. आईने तिच्या जागी नारळ ठेवला आणि कुणी तो विषय काढला नाही.

ते परत गेल्यावर गनस्मिथकडे जाऊन मी जुनी स्प्रिंग पुन्हा बसवायला सांगितली. त्याने दोनदा विचारलं, नक्की? लोक उलट कामासाठी येतात म्हणाला. घरी आणून लिव्हर ओढला तर मधे अडखळल्यासारखा जड. खरं सांगायचं तर मला तो आवडला नाही. दस्ता मात्र तसाच ठेवलाय, तेल लावलेला, आणि कधीकधी कपाट उघडून मी तो नुसता बघतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा जेवणाखाण्याचं विचारतात, हवामानाचं विचारतात. मग मुंग्यांसारखी बारीक झालेली ती दोन बोटं स्क्रीनसमोर हलवून म्हणतात, “आणि ते? जड आहे ना अजून?”

“आहे,” मी म्हणतो.