साच्याशी भांडणारे चित्रपट

जुना चित्रपट म्हटलं की आपल्याकडे आधी हात जोडले जातात. ‘संत तुकाराम’चं नाव निघालं की 1937 च्या व्हेनिस महोत्सवातला गौरव हमखास सांगितला जातो, तो चित्रपट शेवटचा कधी पाहिला, हे मात्र कुणी सांगत नाही. ही भक्ती चित्रपटांच्या मुळावर येते असं मला वाटतं. संतपट, सामाजिक, तमाशापट, राजकीय, विनोदी असे खण पाडून आपण त्यांना नीट रचून ठेवलं आहे. पण त्यांतले जे आजही जिवंत वाटतात, ते आपल्याच खणाशी भांडले म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

1936 चा ‘संत तुकाराम’च घ्या. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात संतपटाला लागतं ते सगळं आहे. मत्सरी सालोमालो आहे, चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाला नेणारं विमान आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा इतके तल्लीन की शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेली रचना पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटते. आणि या सगळ्या भक्तिरसात गौरी यांची जिजाई म्हैस धुते, पोरांच्या पोटाची काळजी करते आणि नवऱ्याच्या विठोबाला शिव्या घालते. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती एका हाताने त्याला फरफटत देवळात नेते; दुसऱ्या हातात पायताण असतं, ते देवाला दाखवायला. इतका धीट प्रसंग आज कुणी संतपटात घालेल का, मला शंका आहे. दिग्दर्शक तिला कजाग बायको म्हणून उडवून लावत नाहीत. तिच्या रागाला कारण आहे आणि ते रास्त आहे, हे ते जाणतात. तुकोबा वैकुंठाला चल म्हणतात, तेव्हाही ती पोरांसाठी मागेच राहते. तुकोबांचं मोठेपण पटतं, कारण त्यांच्याच घरात त्याला रोज आव्हान मिळतं. जिजाई काढून टाका, उरेल ती नुसती आरती.

पुढच्याच वर्षी, ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या ‘प्रभात’ कंपनीतूनच शांतारामबापूंचा, म्हणजे व्ही. शांतारामांचा, ‘कुंकू’ आला. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. मामाने फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. विषय रडारडीचा, आणि रडवायला हुकमी असतं ते पार्श्वसंगीत. ‘कुंकू’त ते नाहीच. घरातले आवाज तेवढे आहेत. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा खणखणाट, गाण्याला साथ हवी तर ग्रामोफोन. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की या निर्णयाची जिगर कळते. नीराला काय वाटतं ते व्हायोलिन सांगणार नाही. शांता आपट्यांच्या चेहऱ्यावर आपणच वाचायचं. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा ती वेताने त्याला फोडून काढते. तिची बाजू घेणारी सुधारक विचारांची सावत्र मुलगी शकुंतला परांजप्यांनी केली आहे. संततिनियमनाचं काम प्रत्यक्षात करणाऱ्या बाई त्या; त्यांच्या तोंडी ती भूमिका उपदेश वाटत नाही.

तरीही ‘कुंकू’चा शेवट मला मान्य नाही. केशवराव दात्यांचा म्हातारा आपली चूक ओळखतो, पत्र लिहून नीराला मोकळी करतो आणि जीव देतो. दात्यांनी तो माणूस असा उभा केलाय की त्याचा तिरस्कार करवत नाही. पण चित्रपटभर स्वतःच्या बळावर लढलेल्या मुलीची सुटका अखेर नवऱ्याच्या परवानगीने व्हावी? 1937 मध्ये दुसरा शेवट अवघड होता, हे कबूल. त्रुटी ती त्रुटीच.

त्याच शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ (1972) मात्र खणाला पुरता शरण जातो. राम कदमांचं संगीत, खेबुडकरांची गाणी, पहिल्याच चित्रपटातले डॉ. लागू, सगळं झकास. स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जाणारा मास्तर ही कल्पना तर अफाट आहे. पण चित्रपटाला तमाशाची झिंग हवी आणि तमाशाने गाव बिघडतं हा धडाही हवा. तमाशातली चंद्रकला आधी मोहिनी होते, मग पश्चात्तापदग्ध. फडावर पोट असलेली बाई ती फार थोडा वेळ असते. जिजाईला जे भांडण मिळालं ते हिला मिळालं नाही.

‘सिंहासन’बद्दल (1979) इतकंच म्हणेन की राजकीयपटात शेवटी दुष्टाला शिक्षा व्हावी ही आपली अपेक्षा जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर पुरी करत नाहीत. खुर्चीचा खेळ चालूच राहतो आणि सगळं पाहणाऱ्या पत्रकाराचं, निळू फुल्यांच्या दिगूचं, डोकं फिरतं.

‘अशी ही बनवाबनवी’ला (1988) या पंगतीत बसवलं म्हणून कुणी नाक मुरडेल. खुशाल मुरडा. साड्या नेसलेल्या पुरुषांचा फार्स दुसऱ्यांदा पाहिला की सहसा शिळा होतो. हा होत नाही, कारण खाली अडचण खरी आहे. पोरांना पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही, म्हणून हे वेषांतर. मधुमेहाचं औषध आणायला घरमालकाने दिलेल्या सत्तर रुपयांचा प्रसंग अशोक सराफ आणि सुधीर जोशी ज्या गंभीरपणे करतात, त्यात सत्तर रुपयांची चणचण दिसते. हसू तिथून येतं. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून ही कथा घेतली, तरी वसंत सबनिसांच्या संवादांनी ती पक्की मराठी झाली.

असे चित्रपट मुळात हाती उरायला हवेत. 2003 साली पुण्यात फिल्म कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरच्या कित्येक जुन्या चित्रपटांच्या प्रती खाक झाल्या. जे उरलं आहे ते आपण मोबाइलवर दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहतो; त्यात गाणी सापडतात, भांडण सापडत नाही. या सुट्टीत ‘कुंकू’ सलग पाहा. घरातल्या तरुण मुलींना सोबत बसवा, आणि शेवट पटला का, ते त्यांना विचारा.