मुलाचा ताबा
घटस्फोटाने पतिपत्नी परस्परांपासून मोकळी होतात. आईबापपणातून मोकळे होण्याची सोय त्या कायद्यात नाही. असे असता 'मुलाचा ताबा' हा शब्द इतका रूढ व्हावा, हे नवलच. ताबा शेताचा घ्यावा, वाड्याचा घ्यावा! १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने न्यायाधीशास अज्ञान मुलाचे हित पाहावयास सांगितले, आणि हिंदूंपुरते १९५६ च्या कायद्याने ते हितच सर्वश्रेष्ठ ठरविले. तथापि १८९० च्याच कायद्यात, मूल समजते असल्यास त्याची पसंती विचारात घेण्याची मुभा आहे. हेतू चांगला, पण नऊ वर्षांच्या मुलीस 'तुला कोण हवे?' असे विचारणे म्हणजे तिलाच आईबापांवर न्यायाधीश नेमणे नव्हे काय? एकाचे नाव घेतले, की दुसऱ्यास नाकारल्याचे ओझे जन्मभर तिच्या माथी. तिला विचारावे ते निराळेच: मैत्रिणी कोठे आहेत, आजीकडे केव्हा जावेसे वाटते, रात्री भीती कशाची वाटते. त्यावरून शाळेचे दिवस, दिवाळीची सुटी, आजारपणातली जाग्रणे यांचा क्रम उभयतांनी लावावा. आणि दोन्ही घरी तिचे स्वतःचे कपाट असावे. पाहुण्यासारखी पिशवी घेऊन तिने येजा का करावी?